नवं होईपर्यंत

डहाणू स्टेशनजवळच्या खानावळीत ताट पुढ्यात आलं, तसं मनिषने मालकाला विचारलं, "शेठ, भात नव्या तांदळाचा की जुन्या?"

मालक गल्ल्यावरून मान वर करून बघतच राहिला. "जुना छे भाई. नवा तांदूळ चिकट होते, गिऱ्हाईक शिव्या देते. का, तुला पोट दुखते?"

समोर बसलेल्या सुरजला हसू आवरेना. "त्याचं डाएट चाललंय शेठ. घरी नागलीची भाकर, इथे जुना तांदूळ. पुढच्या महिन्यात बॉडी दाखवायला बोर्डीच्या बीचवर उभा राहणार."

मनिष भात कालवून खाली मान घालून खाऊ लागला. सुरज आणि तो सौर पंप बसवणाऱ्या एकाच एजन्सीत कामाला होते. पॅनल चढवायचं, कंट्रोलर जोडायचा, पाणी वर आलं की शेतकऱ्याची सही घ्यायची. आयटीआय केल्यापासून चार वर्षं हेच चाललं होतं. ज्या गोष्टीला मीटर लावता येतो तिच्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय होती. मग गेले पंधरा दिवस आपण दिसेल त्याला तांदळाचं वय का विचारत सुटलो आहोत, हे त्याचं त्यालाच नीट सांगता येत नव्हतं.

मनिषच्या घरात देव नव्हता. तलासरीपासून थोडं आत त्यांचा पाडा. पाड्यातल्या बाकीच्या घरांत कोपऱ्यात हिरवा देव होता, मोरपिसांची जुडी होती, काही घरांत फोटो होते. मनिषच्या घरात भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये वनजमिनीच्या पट्ट्याचा कागद होता. त्याचा बाप देवजी लाल बावट्याचा जुना माणूस. मोर्च्यांना चालत जाऊन, दोनदा अटक होऊन त्याने तो दीड एकर मिळवला होता. "हे भात कुठल्या देवानं दिलं नाही, चालून चालून पायांनी दिलं," असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगे. देवजीचं मूळ घर कैनाडला. तिथे त्याचा थोरला भाऊ सुक्या राहत होता, आणि अठ्ठावीस वर्षं दोघे भाऊ एका पंगतीला बसले नव्हते. कारण विचारलं की मनिषची आई जिवली म्हणायची, "देवावरून बिनसलं." याच्या पुढे ती कधी गेली नाही.

चोविसावं लागल्यावर मनिषला काय झालं कोण जाणे. काम होतं, मोटरसायकल होती, तरी आत काहीतरी सुटं पडल्यासारखं वाटायचं. पंप चालू करून शेतकरी पहिल्या पाण्याला हात जोडायचा, तेव्हा मनिष बाजूला पाना हातात घेऊन उभा असायचा आणि त्याला वाटायचं, याला काय दिसतंय जे मला दिसत नाही? तो एकदा महालक्ष्मीच्या जत्रेला जाऊन रांगेत उभा राहिला. एकदा एका मित्राबरोबर प्रार्थनेच्या सभेला बसला. दोन्हीकडे माणसं चांगली होती, पण तो पाहुण्यासारखा गेला आणि पाहुण्यासारखाच परत आला.

मग दसऱ्याच्या आधी एजन्सीने त्याला कैनाडला पाठवलं. काम झालं तेव्हा दुपार टळत आली होती. पाय आपोआप काकाच्या घराकडे वळले. अंगणात हळवं, लवकर येणारं भात झोडून त्याची रास पडली होती. सुक्याच्या बायकोने, बुधीकाकीने, त्याला ओळखलं, डोळ्यांत पाणी न आणता म्हणाली, "देवजीचा ना तू? चालतोस तसाच. बस, जेव."

ताटात नागलीची भाकर आणि उडदाचं पाणीदार वरण.

मनिषने राशीकडे बघितलं. "काकी, एवढं भात पडलंय अंगणात."

"जुना तांदूळ संपला रं. उंदरांनी खाल्ला."

"मग नवा?"

"नवा कसा खाणार? नवं झालं नाही अजून. कणसरीला, धान्याच्या आईला, दिला नाही, हिरव्याला दिला नाही, मेलेल्यांना दिला नाही. त्यांच्या आधी आपण खायचं?"

"आणि नवं कधी?"

"दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आधी. सगळ्यांचं भात आलं की."

म्हणजे अजून तीन आठवडे. दारात रास, पोटात भूक आणि ही माणसं वाट बघत होती. कुणाची? ते मनिषला कळलं नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला देवाच्या नावाने ऐकलेली एखादी गोष्ट पोटातून समजल्यासारखी वाटली. निघताना तो म्हणाला, "काकी, मीपण नाही खाणार. नवं होईपर्यंत."

काकी हसली. "तुझ्या घरी तर आत्ताच नवा शिजत असेल."

शिजतच होता. त्याच दिवसापासून घरचं जेवण म्हणजे मनिषला परीक्षा झाली. पित्त झालंय म्हणून त्याने भात टाळला. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि न बोलता नागली दळायला काढली. बाप मात्र रोज चिमटा काढायचा. "फोनवर कोणी सांगितलं का भात वाईट म्हणून? आम्ही भातासाठी लाठ्या खाल्ल्या, आणि आमच्या पोराला भाताचं पित्त!"

मनिष हसून वेळ मारून न्यायचा. सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज तो ते उद्यावर ढकले. भाऊ देवाकडे राहिला म्हणून बापाने भाऊ सोडला होता. पोरगा गेला तर?

त्यात त्याचं मशीनवालं डोकं स्वस्थ बसू देईना. पोहे चालतील का? पोहे कुठल्या सालच्या भाताचे, ते कोण सांगणार? इडली? हायब्रीड बियाण्याला कणसरी ओळखते का? त्याने काकीला फोन लावून हे सगळं विचारलं.

"तू देवाला विचारतोस की वकिलाला?" काकी म्हणाली. "नवं म्हणजे नवं. ज्याला कळतं त्याला कळतं. चुकून खाल्लंस तर चुकून खाल्लंस. फोन ठेव, म्हैस सुटली."

नवं ज्या दिवशी ठरलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मनिषने एक काम केलं. काकाच्या घरची रीत त्याला कळली होती. भाऊबंदांच्या प्रत्येक घरातून मूठभर भात येतं, ते एकत्र करून कांडतात, शिजवतात आणि देवापुढे ठेवतात. सकाळी बाप दात घासत मागे गेला असताना मनिषने खळ्यावरच्या राशीतून मूठभर भात उचललं. वायरचे कनेक्टर येतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी खिशात घातली. कामावरून सुटला तो थेट कैनाडला.

काकीने पिशवी हातात घेतली, दाणे वरूनच चाचपले. "तुमच्या शेताचं?"

"हो."

"देवजीला विचारलंस?"

"नाही."

"जिवलीला?"

"नाही."

काकीने पिशवी त्याच्या खिशात परत कोंबली. "मग हे चोरीचं. आम्ही जंगलातला कंद काढतो तरी आधी बोलून काढतो. तू बापाच्या खळ्यावरून न बोलता उचललंस?"

सुक्याकाका ओट्यावर सुंभ वळत बसला होता. तो हळूच म्हणाला, "राहू दे की. पोरगा एवढ्या लांबून आला."

"तुम्ही गप बसा. अठ्ठावीस वर्षं त्या घरचं भात नाही आलं, तर नाही आलं. देवजी देत नाही, हे देवाला माहीत आहे. पण देवजीनं दिलं असं खोटं मी देवापुढं मांडायची नाही." मग मनिषकडे वळून, "उद्या दुपारी आहे. आलास तर बोलून ये. नाहीतर हात हलवत ये, तरी जेवायला घालीन."

घरी परतताना मनिषला रस्ता दिसत होता की नाही, त्यालाच ठाऊक. काकीचा राग आला होता. त्याहून जास्त स्वतःचा आला होता. चाळीस किलोमीटर तो एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने जुळवत होता, आणि एकही तऱ्हा तोंडातून बाहेर येईलशी वाटत नव्हती.

सकाळी देवजी खळं झाडत होता. मनिषने खिशातली पिशवी काढून त्याच्यापुढे धरली.

"बाबा, हे मी काल आपल्या राशीतून घेतलं. कैनाडला न्यायला. त्यांच्याकडे आज नवं आहे."

देवजीचा खराटा थांबला. "पित्त नव्हतं तर."

"नाही."

"किती दिवस?"

"वीस-एकवीस."

देवजी खळ्याच्या कडेला उकिडवा बसला. आत चूल फुंकण्याचा आवाज थांबला, म्हणजे जिवलीपण ऐकत होती.

"संगिता ठाऊक आहे तुला?" देवजीने विचारलं.

"तुमची धाकटी बहीण. वारली."

"वारली म्हणतात. बारा वर्षांची होती. ताप आला. भगत आला, त्यानं पानावर तांदूळ टाकले आणि दाणे मोजत बसला. कुठल्या देवाचं चुकलं ते दाण्यांत बघत होता. तीन दिवस. दवाखाना होता दोन तासांच्या वाटेवर. मी म्हटलं, उचलून नेतो. बाप म्हणाला, देव रागावेल. सुक्या बापाच्या बाजूनं उभा राहिला. चौथ्या दिवशी मी तिला उचलली, तर मान धरली जात नव्हती." त्याने राशीतले दाणे उचलले आणि परत सोडले. "तेव्हापासून मला दाण्यात फक्त भात दिसतो."

मनिषने जुळवून आणलेली सगळी वाक्यं एकदम पोकळ झाली. "मी नाही जात," तो म्हणाला.

"असं कर म्हटलं का मी?" देवजी एकदम चिडला. "माझ्या दुखण्यावर तू तुझं ठरवू नको. मी माझं ठरवलं तेव्हा बापाला विचारलं नव्हतं. मूठभर काय, सूपभर ने. पण एक काम कर. परत आलास की काय झालं ते मला खरं सांग. रंगवून सांगू नको. पंप तपासून आल्यावर मालकाला सांगतोस ना, चालतोय की नाही, तसं."

तो उठला, सुपात भात घेतलं, पाखडलं, पोकळ दाण्यांची पोल तेवढी उडवली आणि सूप जिवलीकडे दिलं. जिवलीने ते फडक्यात बांधलं. गाठ मारून ती एवढंच म्हणाली, "गाडी हळू चालव."

कैनाडला काकीने फडकं सोडलं, दाणे बघितले. घरच्या सुपात पाखडलेले होते. तिला जे कळायचं ते कळलं. सगळ्यांच्या भातात तिने ते मिसळलं.

घरात धूर भरला होता. हिरव्यापुढे पळसाची पानं मांडली, पानांवर नव्या तांदळाचा वाफाळता भात. काकाने दारूचे थेंब जमिनीवर सोडले आणि पुटपुटत एकेकाला बोलावलं. कणसरी, हिरवा, वाघोबा. मनिष डोळे मिटून बसला. आता काहीतरी होईल, असं त्याला वाटत होतं. छातीत, डोक्यात, कुठेतरी. खिशातला फोन थरथरला, बंद झाला, परत थरथरला. बोर्डीच्या वाडीतलं गिऱ्हाईक असणार, सकाळपासून त्याच्या पंपाला एरर येत होता. धुराने डोळे चुरचुरले. पायाला मुंग्या आल्या. बाकी काही झालं नाही. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले, तरी काही झालं नाही.

मग मेलेल्यांची पाळी आली. काकी एकेक पान पुढे सरकवत नाव घेऊ लागली. आजा, आजी, एक चुलता. आणि शेवटच्या लहान पानावर भात घालून ती म्हणाली, "संगिता, ये बाय, जेव."

मनिषने डोळे उघडले. काकी पुढच्या कामाला लागली होती. सुक्याकाका मात्र त्या लहान पानाकडे बघत होता, आणि कुणी बघेल म्हणून लगेच त्याने मान फिरवली.

दुपार उतरता मनिष घरी पोचला. देवजी पेंढ्याचे भारे रचत होता. मनिषने शर्ट काढला आणि भारे खालून वर द्यायला लागला.

"सांग," वरून देवजी म्हणाला.

"काही झालं नाही."

"काहीच नाही?"

"पायाला मुंग्या आल्या. धूर लागला. भात जेवलो. नवा भात चिकट असतो, तेवढंच."

"देव आहे असं वाटलं?"

"माहीत नाही."

"मग बसून राहिलास कशाला?"

मनिषने भारा वर दिला. "उठावंसं वाटलं नाही."

देवजीने भारा रचला, पायाने दाबला. "पुढच्या साली?"

"जाणार." हे बोलताना त्याच्या आवाजात ठामपणा नव्हता. वीस दिवसांपूर्वी जेवढा अस्वस्थ होता तेवढाच तो आताही होता. पण बापाने खरं सांग म्हटलं होतं, आणि खरं एवढंच होतं.

आणखी एक राहिलं होतं. सांगावं की नाही, असा विचार करत त्याने दोन भारे दिले. मग म्हणाला, "काकीनं संगिता आत्याचं नाव घेतलं. तिच्या नावानं वेगळं पान मांडलं, लहान. दरसाल मांडतात म्हणे. काका बघत होता त्या पानाकडे."

वरून हात खाली आला नाही. मनिष भारा डोक्यावर धरून उभा राहिला. पेंढ्याची कुसळं मानेत शिरत होती.

"त्यावर काय वाढलं?" देवजीने विचारलं.

"भात."

"तिला भात आवडायचा नाही," देवजी म्हणाला. "भात टाकून उठायची. नागलीची भाकर आणि गूळ, एवढंच मागायची. सुक्याला चांगलं ठाऊक आहे. विसरला असेल."

त्याने खाली हात केला, भारा घेतला आणि पाठ फिरवून रचू लागला.

"पुढच्या साली जाशील तेव्हा सांग त्याला."