मागं ठेवलेलं घड्याळ

“सर्टिफिकेट टाकलं, तरी मशीन जोडत का न्हाई?” मॅनेजर असा ओरडला की सुप्याची कुत्री पारनेरात पोचली.

आमच्या कारखान्यातलं प्रेस मशीन कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हरला जोडायला आलेल्या माणसानं सवयीनं लॅपटॉपवर फुंकर मारली. “साहेब, सर्टिफिकेट म्हणजे मशीनचं ओळखपत्र, ते आत्ता बनवलंय. तुमच्या मशीनचं घड्याळ अर्धा तास मागं. त्याच्या लेखी हे अजून जन्मलंच नाही. घड्याळ नीट करा.”

शंभर माणसांनी गेटच्या घड्याळाकडं बघितलं. आम्ही आत यायचो गेटच्या घड्याळावर, सुटायचो मशीनच्या. रोजचा अर्धा तास कंपनीला फुकट. ठाऊक सगळ्यांना होतं, बोललं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन भलताच कुणी बसलेला. मी सुपरवायझरला विचारलं, “भाऊ, घड्याळ नीट केलं का?”

“न्हाई. माणूस बदलला.”