एक जूनवाल्या पोरीचं मत

कागदावर मी बेचाळीस वर्षांची आहे आणि आईच्या म्हणण्यानं चाळीस. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पोराला शाळेत घालायचं म्हणजे त्याचं बखोट धरून गुरुजींपुढं उभं करायचं. जन्माचा दाखला कुणाकडं असणार? गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं. माझा पोचला नव्हता, कारण मी चारच वर्षांची होते. पण आईला निंदणीला जायचं होतं, मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं आणि गुरुजींना पट भरायचा होता. त्यांनी माझं मुंडकं जरासं वाकवलं, कान हाताजवळ आणला आणि रजिस्टरात एक जून ही तारीख टाकली. आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच येतो.

हे आठवायचं कारण माझी लेक. ती अकरावीला आहे आणि तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, मतदानाचं वय सोळा करावं की नाही यावर. गेला आठवडाभर आमच्या पुंडलिकनगरच्या घरात दुसरा विषय नाही. भाजी चिरताना मुद्दे, केस विंचरताना मुद्दे. मी फक्त हं हं करत होते, कारण या विषयावर माझ्याकडं एक मुद्दा होता आणि तो चोवीस वर्षं मी कुणाला सांगितला नव्हता. मी सोळाव्या वर्षी मत दिलेलं आहे.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि इथंच पुंडलिकनगरात मावशीकडं राहायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दर शनिवारी दुपारी काकाच्या काळ्यापिवळ्या जीपनं गावी जायचे. काका म्हणजे माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. जीपमध्ये माणसं मेंढरांसारखी कोंबलेली असायची, पण पुढची खिडकीची जागा माझी. कुणी तिथं बसायला लागलं की काका म्हणायचा, "ओ पाव्हणं, मागं सरका. कॉलेजवाली बाई येऊ लागलीय." येताना त्याच्या खिशात कागदात गुंडाळलेली इमरती असायची, पाकानं खिसा चिकट झालेला. त्या जीपचा डिझेलचा वास अजून कधी रस्त्यात आला तर मी उगीच थांबते. माझ्या वडलांपेक्षा मला काका जवळचा होता, हे आधी सांगून ठेवते.

त्या वर्षी काका ग्रामपंचायतीला उभा राहिला. एकेक मत गोळा करायचं चाललेलं, आणि त्याला माझी शाळेची टीसी आठवली. यादीत माझं नाव घालायचा फॉर्म त्यानंच आणला, त्यानंच भरला. आई म्हणाली, "भाऊजी, आखाडात सोळा झाली ती. तुम्हीच बारशाला पेढे वाटले ना." काका हसला. "कागद काय म्हणतो? अठरा. मंग अठरा." नाव लागलं त्या दिवशी त्यानं मला एक नाही, पावशेर इमरती आणली.

समोर उभे होते एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. त्यांचं बोलणं एकच: सकाळी सातची एसटी गावात आणतो. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं फुलंब्रीला जायचं तर जीप, आणि जीपमध्ये वयात आलेल्या पोरीला गड्यांच्या मांडीला मांडी लावून रोज कोण पाठवणार? पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. मी सुटले ते मामाच्या गावी राहून शिकले म्हणून. काकाच्या स्वतःच्या पोरीला त्यानं त्याच जूनमध्ये घरी बसवली होती. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. माझी जुनी पुस्तकं उशाला घेऊन झोपायची येडी. एसटी आली तर काकाच्या जीपचा धंदा बसणार होता, त्यामुळं एसटीचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

मतदानाच्या आठ दिवस आधी आईचं आणि त्याचं वाजलं. आई म्हणाली, "भाऊजी, पोरीला शाळंतून काढू नका. लई हुशार हाय ती." काका म्हणाला, "वैनी, तुम्ही चुलीपुरतं बघा." सगळ्या घरानं ते ऐकलं, आणि पुढं तेच आईच्या अंगाशी आलं.

मतदानाच्या दिवशी काकानं फर्मान काढलं की हिला साडी नेसवा, लहान दिसती. आईची हिरवी साडी गुंडाळून, पायात पाय अडकत मी केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे आमचीच शाळा, पहिलीचाच वर्ग. जिथं माझा कान ओढून मला सहा वर्षांची केली होती त्याच खिडकीपाशी टेबल होतं. साहेबानं माझ्याकडं एकदा बघितलं, यादीकडं दोनदा बघितलं आणि बोटाला शाई लावली.

काकाची खूण छत्री, कंडक्टरची कपाट. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी शिक्का हातात धरून उभी राहिले. छत्रीकडं बघितलं की चिकट खिसा आठवत होता. कपाटाकडं बघितलं की ती उशाखालची पुस्तकं. बाहेरून कुणी तरी म्हणालं, "झोपली का काय आत?" मी कपाटावर शिक्का मारला. चुकून नाही मारला. अगदी ठरवून मारला.

काका एका मतानं पडला.

फेरमोजणी झाली तरी एकच मत. संध्याकाळी अंगणात सगळे बसलेले. आईनं चहा केला आणि पहिला कप काकापुढं धरला. त्यानं कप घेतला, तिच्याकडं बघितलं आणि तसाच भरलेला खाली ठेवला. "घरातलंच मत फुटलंय," म्हणाला. "कुणाचं ते मला कळतंय. वैनी, आजपासून तुमच्या हातचा चहा मला बंद."

आई ना व्हय म्हणाली ना नाय. वडील जमिनीकडं बघत राहिले. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं आणि ओढत स्वयंपाकघरात नेलं. "गप ऱ्हा," म्हणाली. "कळलं तर पोरगी शिकून शेफारली म्हणतील आन् उद्यापासून घरी बसशील. माझं काय, मला कुठं कॉलेजात जायचंय." म्हणजे तिला कळलेलं होतं. कसं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

एसटी आली, दीड वर्षानं. काकाची पोरगी पहिल्याच दिवशी चढली. काका आडवा आला नाही, उलट पहाटे उठून तिला बसपर्यंत सोडायचा. दहावी झाली, मग तिचं लग्न झालं. त्या बसनं काही जग बदललं नाही, पण दहावी तर दहावी. जीप काकानं विकून टाकली आणि त्याचा राग कुणावर काढला नाही. फक्त चहाचं तेवढं त्यानं धरून ठेवलं. दोन्ही घरांमध्ये एक भिंत, सणावाराला येणं-जाणं, माझ्या लग्नात मांडवाचं सगळं त्यानंच बघितलं. वडील गेले तेव्हा तेरा दिवस आईच्या ओसरीवर बसून होता. पण चहा आला की उठून आपल्या घरी जायचा. आई दर वेळी त्याच्याही नावाचा कप भरायची आणि दर वेळी तो ओतून द्यायची. ते बघूनही मी गप्प बसायचे. शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, घाबरायचं एकही कारण उरलं नाही, तरी गप्प. मत द्यायला मला सोळा वर्षं पुरली, ते कबूल करायला चाळीसही पुरेनात.

परवा काकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात झालं आणि चार दिवसांसाठी तो माझ्याकडं आला. दुपारी डोळ्याला हिरवी पट्टी लावून कॉटवर बसला होता आणि लेक त्याच्यापुढं भाषणाचा सराव करत होती. तिचं झालं तसा काका म्हणाला, "छान बोलतीस. पण सोळाच्या पोरींना काय कळतंय मतातलं? कुणीबी फितवील." लेक माझ्याकडं वळली. "आई, तू सांग ना. कळतं का सोळाव्या वर्षी?"

माझ्या हातात काकासाठी केलेला चहा होता. माझ्या हातचा त्याला चालतो, हे माझं आणखी एक दुखणं. कप स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, ते कपाटाचं मत माझं होतं. आईचं नव्हतं. ती माझ्यासाठी गप्प बसली."

काकानं उघडा डोळा माझ्याकडं वळवला. मग म्हणाला, "तुझं? तुझं नाव तर मीच घातलं यादीत."

"व्हय."

"साडी पण मीच नेसवायला लावली."

लेकीला काही समजत नव्हतं, तिनं भाषणाचे कागद मिटून ठेवले. काकानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. चहावर साय धरली. मग म्हणाला, "वैनीला फोन लाव."

मी फोन लावला आणि त्याच्यापुढं धरला. आईचा आवाज आला, "काय गं, भाऊजींचा डोळा बरा हाय ना?"

"वैनी, मीच हाय," काका म्हणाला. "शुक्रवारी गावाकडं येऊ लागलो. आधी तुमच्याकडं येतो. चहा टाकून ठेवा."

मला वाटलं रेंज गेली. मग आईचा आवाज आला, एकदम हळू.

"भाऊजी, साखर किती घेता तुम्ही? इसरले मी."