गोरेगावजवळ कॅनडाची पंगत

मंगलताई म्हणाली, "दोघीही एकट्याच आहोत. तुझं घर बंद कर नि माझ्याकडेच राहायला ये. रविवारी काय ते सांग." मोठ्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं, तर माझं दोन खोल्यांचं राज्य खालसा! मी सरळ पळ काढला. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ एका खेड्यात मैत्रीण सुनंदा इतिहास शिकवते. तिच्या शाळेतल्या नाटकाचं निमित्त आयतंच मिळालं.

नागपूरहून गोंदियाला सकाळची रेल्वे बरी, बसायला जागा मिळते. स्टेशनबाहेर समोसा तोंडात टाकते तोच ऑटोवाला ओरडला, "दीदी, गोरेगाव की बस छूट रही है, भागो!" धावले बाई. एसटीत खिडकी मिळाली. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, रस्ता चांगला, तिकीट किरकोळ. गावात लॉज मात्र नाही, मुक्कामाची सोय आधीच बघून ठेवा.

नाटक कॅनडाचं, करणारे मुलांचे पालक. इंग्रजांच्या शेजारशेजारच्या वसाहतींचे पुढारी एका बेटावर जमतात आणि एक होऊन कॅनडा देश उभारायची बोलणी करतात. गंमत अशी, की बेटवाले सगळ्यांची सरबराई करतात आणि स्वतःच नाही म्हणतात! बेटाचे पुढारी झाले होते देवाजीभाऊ, घरचे धानाचे शेतकरी. सुनंदाने पंगतही खरीच मांडायची ठरवली: पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी. पण तालमीत वाढून झालं, की देवाजीभाऊ दर वेळी "हो" म्हणून मोकळे!

"भाऊ, इतिहास बदलता का कॅनडाचा?" सुनंदा कावली.

"जेवाले बसवलेल्या पाहुन्याले नाई कसा म्हनू, म्याडम? गावात तोंड दाखवाचं हाये मले."

मी हसले खरी, पण मनात म्हटलं, हे तर माझंच दुखणं!

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव शाळेच्या पटांगणात. पंगतीतल्या पाहुण्याने विचारलं, "मंग, येता का आमच्यात?" देवाजीभाऊ वरणाची बादली घेऊन उभे. सुनंदाने डोळेच मिटून घेतले.

"आज नाई," ते सावकाश म्हणाले. "आमचं बेट आमाले गोड हाये. पन पंगतीत माही जागा ठेवा." आणि त्यांनी पाहुण्यांच्या शेजारी एक रिकामी पत्रावळ मांडली.

काय टाळ्या पडल्या! "अगं, ते बेट काही वर्षांनी सामील झालंच की!" सुनंदा माझा दंड दाबत म्हणाली. मग गावालाही वाढलं. मी दोनदा भात घेतला, लाजले नाही.

रविवारी ताईकडे गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "मग, काय ठरलं?"

"आज नाही, ताई. माझं घर मला गोड आहे. पण माझी जागा ठेव."

लाटणं थांबलं. रागावली, असं मला वाटलं. तिने हात पुसले, मांडणीवरून दुसरं ताट काढून आपल्या ताटाशेजारी ठेवलं.

"ठेवली," ती म्हणाली. "आता जेवायला बस."