धुक्यातली जाप

पेट्रोल दोनशे साठ, धारगळच्या नाक्यावर भाजी-पाव आणि दोन चहा मिळून सत्तर, राहणं-जेवण शून्य. बंदरवाड्याच्या सफरीचा खर्च घरी येऊन लिहिला आणि त्या शून्यापाशी पेन अडकलं. सगळ्यात महाग तेच पडलं.

कुडाळला माझं गॅरेज आहे. दुसऱ्याच्या हाताखाली पाने पुसत शिकलो, आज सहा माणसं माझ्याकडे आहेत, आणि हे सगळं कानांवर उभं आहे. गाडी वळणावर असतानाच इंजिन ऐकून मालकाचं नाव सांगतो. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. त्यामुळे धारगळच्या आत एका जुन्या बंदरावर येत्या रविवारी पहाटे पडावांना, म्हणजे जुन्या मालवाहू होड्यांना, हाका मारतात, असं गिऱ्हाइकाकडून कळलं आणि शनिवारी बाईक काढली.

बांदा, पत्रादेवी, पेडणे, धारगळ हा हमरस्ता सरळ. आत वळल्यावर काजूंमधून अरुंद वाट आहे, पाट्या नाहीत; उजेडीच पोचा.

इथे एके काळी मीठ, कौलं, नारळ घेऊन शिडाचे पडाव लागायचे. पूल झाले, ट्रक आले, धक्का गाळात गेला. आता काही वर्षं दर रविवारी घरटी एक माणूस घमेलं घेऊन गाळ काढायला उतरतो. चिऱ्यांच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या, गटार वाहतं झालं, जकातीच्या खोलीत वाचनालय आलं. सगळं लख्ख. फक्त नदीकडची दारं सताड उघडी होती, आणि माणसं बोलताना मध्येच थांबून पाण्याकडे कान द्यायची.

त्या गिऱ्हाइकाच्या ओळखीच्या सगुणमामांच्या घरी उतरलो. वय ऐंशीच्या पुढे, पडावांची नावं तोंडपाठ, म्हणून हाक मारायचं काम त्यांचं. पूर्वी धुक्यात पडाव दिसत नसे. धक्क्यावरून नाव पुकारायचं, पडावावरून जाप द्यायची, म्हणजे उत्तर. गाळ निघाला तसा लोकांनी हा नेमही परत धरला. वर्षातून एक पहाट. आता पडाव नाहीत, जाप घरचा माणूस देतो, नाहीतर त्या घरी जेवलेला. एका माणसाने एकाच पडावाची, आणि एकदा दिली की दर वर्षी यायचं. जाप आली की त्या पडावाची पणती धक्क्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात लागते.

मामांच्या आज्याचा पडाव ‘रत्नसागर’. हाक मारणाऱ्याला जाप देता येत नाही, मुलगा परदेशात. दोन वर्षं कोनाडा काळाच राहिला होता.

सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी माझ्या ताटात वाढत मामा म्हणाले, “तीन वर्सां जाप नाय इली, तर नाव काडूचा लागता. तू देशीत?”

मी हसून नको म्हटलं. पाहुणा माणूस, कुणाच्या नेमात अडकत नाही. मामांनी पुन्हा विचारलं नाही, आणखी भात वाढला.

पहाटे भरती पूर्ण होती. धुकं एवढं की खालच्या पायऱ्या दिसेनात. घरी ऐकवायला मी खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. मामा एकेक नाव पुकारत होते, धुक्यातून “इलो” येत होतं, पणती लागत होती. मग त्यांचा आवाज थोडा उतरला.

“रत्नसागर इलो काय रे?”

पाणी पायरीला लागल्याचा आवाज. मामांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली.

“इलो.”

घोगरा, संथ, पाण्यावरून आल्यासारखा. अंगावर काटा आला. आजूबाजूच्या माणसांनी मान खाली घातली. मामांनी पणती लावली. कुणी दिली जाप, मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि दोन पावलं मागे सरल्या.

निघताना पैसे काढले तर मामांनी माझी मूठ मिटवली. “घरच्याचे घेतत काय?”

घरी येऊन तो तुकडा पाच-सहा वेळा ऐकला. पेडण्याचा म्हणावा तर नाही, मालवणचाही नाही. असा आवाज कधीच ऐकला नव्हता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. भाजी निवडत बसलेल्या बायकोला मोबाइल दिला, ओळख म्हटलं.

तिने एकदाच ऐकलं. म्हणाली, “तुमचा.”