जिंकल्यावरही न सुटलेलं मैदान

तमिळ मुलखातल्या आमच्या हायस्कुलातले कवायतीचे मास्तर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मी इतिहास शिकवत होतो. राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो, म्हणजे मैदान जवळ, एवढ्याच कारणावरून हेडमास्तरांनी खेळ माझ्या गळ्यात घातले. थोडे दिवस सांभाळा, म्हणाले होते. त्यात माझे केस पिकले.

दरवर्षी कबड्डीचा संघ घेऊन मी बसने शेजारच्या पापनाशम गावी सामन्यांना जायचो आणि हरून परतायचो. साठ सालानंतर कधीतरी एकदा मात्र आमची मुलं जिंकली. ती मला खांद्यावर उचलायला धावली, तेव्हा मी म्हणालो, "नको रे, गुडघे दुखतात. आधी बस गाठू या."

घरी बायको म्हणाली, "आता मान मिळालाय, तोवर सोडून टाका." माझ्याही मनात तेच होतं. सकाळी प्रार्थना संपल्यावर हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. "सर, खेळ आता दुसऱ्या कोणाकडे तरी द्या."

ते हसून तमिळमध्ये म्हणाले, "हरत होता तेव्हा हे काम घ्यायला कोणी तयार नव्हतं. आता जिंकलात, तर मी तुम्हाला कसा सोडू?"

संध्याकाळी मैदानावर मुलं आदल्या दिवशीच्या पकडी रंगवून सांगत होती. "आज तुमचं तुम्ही खेळा," असं म्हणून मी कडेच्या बांधावर बसलो. अंधार पडेपर्यंत मला कोणी हाक मारली नाही, त्याचंच बरं वाटलं.