गोळी बोलती झाली

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलाच्या खणात रिकाम्या रिफिली साठतात तसे ते आपोआप साठतात. सेलूच्या आमच्या दहा खाटांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. त्यातले माझे सगळ्यात लाडके किस्से एकाच जातीचे. अँटिबायोटिकनं आजार पळवला, पण जाता जाता डोकं फिरवलं! असं क्वचितच होतं, आणि वेळेवर लक्षात आलं तर गोळी बदलून माणूस ताळ्यावर येतो. म्हणून तर आज हसून सांगता येतं.

*

पहिला मान गयाबाईंचा. वय ऐंशीच्या घरात, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बीपी बघायला गेले, तर म्हातारी पाय वर घेऊन खाटेच्या मधोमध बसलेली.

“जपून ये बाई, पिल्लं हायेत खाली!”

खाटेखाली त्यांना कोंबडी आणि तिची पिल्लं दिसत होती. मुलगा रडकुंडीला आला. “सिस्टर, आईला येड लागलं का हो?” डॉक्टरांनी शांतपणे केसपेपर बघितला, ती गोळी बंद केली आणि दुसरी लिहून दिली.

दोन दिवसांनी आजी चहा पीत बसल्या होत्या. मी हसत विचारलं, “काय आजी, गेल्या का कोंबड्या?”

आजींनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच म्हणाल्या, “म्हंजी तुला बी दिसायल्या होत्या?”

*

ही गोष्ट गावभर झाली आणि ‘गोळीचा असर’ हा शब्द लोकांना सापडला.

एक दिवस रंगनाथराव आले. बांधावरून चुलतभावाशी भांडण, भर पारावर शिवीगाळ, वर त्याच्या मोटरसायकलची हवा सोडलेली. आता चार लोकांत माफी मागायची वेळ आली होती.

“साहेब, एक सर्टिफिकेट द्या. गोळीनं डोस्कं फिरलं होतं म्हणून लिवा.”

“कोणती गोळी घेतली होती?”

“खोकल्याची.”

“कधी?”

“दिवाळीत.”

बाहेर मृगाच्या पेरण्या चालू होत्या!

*

खुद्द डॉक्टरही यातून सुटले नाहीत. एकदा त्यांच्या छातीत इन्फेक्शन झालं. स्वतःच स्वतःला औषध लिहिलं आणि ओपीडीत बसले. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, एका जागी बसवेना. तीनदा केबिनबाहेर डोकावून मला म्हणाले, “सिस्टर, बाहेरचे सगळे पेशंट माझ्याबद्दल कुजबुजायलेत. खिडकी लावून घ्या.”

“साहेब, तुम्ही गोळी कोणती घेताय?”

“डॉक्टर मी आहे का तुम्ही?”

बावीस वर्षांत एवढा आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता. मी वाद घातला नाही. सरळ त्यांच्या घरी, मॅडमला, म्हणजे त्यांच्या बायकोला फोन लावला. त्या साहेबांना गाडीत घालून परभणीला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. त्यांनीही आधी गोळीच बदलली.

चार दिवसांनी साहेब परत आले. ओशाळले होते. “तुमचंच खरं निघालं, सिस्टर. पण एक सांगा, ते लोक खरंच माझ्याबद्दल बोलत नव्हते ना?”

“नाही हो साहेब. कापसाबद्दल बोलत होते.”

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, “म्हणजे दोन तासांत एकानंही माझं नाव काढलं नाही?”

*

सविताच्या वेळी मात्र हसायला कोणाला सुचलं नव्हतं. तेवीस वर्षांची पोरगी. माहेर सेलूचं, दिली होती सोनपेठकडं. टीबीच्या गोळ्या चालू होत्या. एक दिवस अंगणात केस सोडून बसली आणि दरडावून बोलायला लागली. अन्नाला शिवेना, डोळ्याला डोळा लागेना. लोक म्हणाले, अंगात आलं! सासूनं, गंगूबाईंनी, ओटी भरली, पाया पडल्या आणि विचारलं, “काय चुकलं, आई?”

सविता कडाडली, “हिला बीएड करू द्या! परभणीला पाठवा!”

देवी आली म्हणून गोळ्या बंद झाल्या. आठवड्यात पोरगी वाळून गेली, तेव्हा माहेरचे तिला उचलून आमच्याकडं घेऊन आले, मागोमाग सासरचेही. टीबीच्या गोळ्या मनानं बंद केल्या म्हणून डॉक्टरांनी दोन्ही घरच्यांना फैलावर घेतलं आणि त्याच दिवशी तिला परभणीला पाठवलं. तिथं एक औषध बदललं, सोबत व्हिटॅमिन सुरू केलं. हळूहळू पोरगी भानावर आली. आणि आपण काय काय बोललो ते ऐकून तिला मान वर करवेना.

नंतर सासू-सुना दाखवायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी गंगूबाईंना समजावलं, “मावशी, ती देवी नव्हती. औषधाचा परिणाम होता.”

गंगूबाईंनी सुनेकडं एकदा बघितलं.

“देवी आसंल न्हाईतर गोळी आसंल. पर बोलली ते बराबर बोलली.”

टीबी बरा झाला. सविताला परभणीच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालं. पहिल्या दिवशी तिला एसटीत बसवायला सासूच गेली होती.

*

आता आप्पाराव. लग्नाला चाळीस वर्षं झालेली आणि बायकोशी बोलणं दोन शब्दांचं, ‘हं’ आणि ‘न्हाई’. पोटातल्या अल्सरसाठी गोळ्यांचा कोर्स दिला होता. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलानं त्यांना घाईघाईनं दवाखान्यात आणलं. मागून शांताबाई, पदराला डोळे पुसत.

आप्पाराव बोलत होते! दारातून आत येईपर्यंत बोलत, वजनकाट्यावर उभे राहून बोलत. “सिस्टर, पाहायला गेलो तवा हिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. च्यात साखरच इसरली होती. मी तसाच पेलो. गोड लागला! मला टायफाईड झाला तवा सात दिवस ही उशाशी बसून होती. जेवली न्हाई. मला सगळं दिसायलं होतं. लय गुणाची बाई, सिस्टर, लय गुणाची!”

दोन दिवसांपासून ना झोप, ना क्षणाची विश्रांती. डॉक्टरांनी त्यांना ॲडमिट केलं, कोर्स बदलला. तिसऱ्या दिवशी गाढ झोपले. उठले ते पुन्हा ‘हं’ आणि ‘न्हाई’.

पुढच्या आठवड्यात नवराबायको तपासून घ्यायला आले. डॉक्टरांनी विचारलं, “आप्पाराव, त्या दिवशी काय बोलत होता, आठवतं का?”

“न्हाई.”

शांताबाई खाली बघत पदराचा काठ चाचपत राहिल्या. मग औषधांची चिठ्ठी घेऊन शेजारच्या मेडिकलमध्ये गेल्या.

त्या दाराबाहेर पडल्या तसे आप्पाराव माझ्या टेबलापाशी आले. इकडं तिकडं बघितलं आणि वाकून म्हणाले,

“सिस्टर, हिला सांगू नगा. सगळं आठवतंय.”