अण्णांच्या नावावरचा घोडा

आमच्या ऑफिसात गेल्या काही वर्षांत कागद कमी झाले म्हणतात. झाले असतील. किस्से मात्र दुप्पट झालेत! पूर्वी एक फाईल हरवली की एक किस्सा व्हायचा. आता फाईल हरवत नाही, स्क्रीनवर गोल गोल फिरत बसते, आणि ती उघडायची वाट बघत बसलेली पाच माणसं पाच किस्से करून उठतात.

कोणतं ऑफिस ते विचारू नका. कोल्हापुरातलं आहे, शहराचा कारभार बघतं, आणि मी तिथं लेखा विभागात सीनियर क्लार्क आहे, एवढं पुरे. मला अजून नोकरी करायची आहे.

यात दोन माणसं सारखी येतील. एक आमचे हेडक्लार्क दिनकरअण्णा. मुरगूडहून रोज एसटीनं ये-जा, डोक्यावर कापसासारखे पांढरे केस आणि तोंडाला फाटक नाही. दुसऱ्या पुण्याच्या तन्वी मॅडम. आमचा जमाखर्च वह्यांतून कॉम्प्युटरवर न्यायला सॉफ्टवेअर कंपनीनं त्यांना पाठवलं होतं.

आणि एक आधीच कबूल करते. या सगळ्या भानगडीत अण्णांची पेन्शन अडकली, आणि ती माझ्यामुळं अडकली. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मलाच हसायला येणार नाही.

*

पहिल्या दिवशी ट्रेनिंग. तन्वी मॅडमनी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली आणि दुहेरी नोंद समजावायला घेतली.

"हे बघा, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एक देणारा, एक घेणारा. दोघांचीही नोंद व्हायलाच हवी. समजतंय ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. चहा यायचा होता. मागच्या बाकावरून अण्णांनी हात वर केला.

"मॅडम, देणारा कळला, घेणारा कळला. पर मधी जो बसतोय, त्येचा कॉलम कुटं हाय?"

आमचे साहेब, म्हणजे मुख्य लेखाधिकारी, पहिल्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, "चहा का आला नाही अजून?" आणि स्वतः उठून बघायला गेले.

*

मग आले पासवर्ड. प्रत्येकाला वेगळा, कुणाला सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही. तन्वी मॅडमनी तीनतीनदा बजावलं.

पगार बिलाच्या शेवटच्या दिवशी अण्णा नेमके अर्ध्या रजेवर निघून गेले आणि बिल त्यांच्याच लॉगिनला अडकलं. साडेचार वाजलेले. मी फोन लावला तर अण्णा एसटीत. गाडी गच्च भरलेली, रेंज येतेय-जातेय, आणि अण्णांचा आवाज मुळातच तालमीतला.

"लिवा कांबळेबाई! म्हैस! इंग्रजीत म्हैस! काय? ऐकू येत न्हाय व्हय? अवो म्हैस की! म्हशीतला पयला एम मोठा! त्येच्या म्होरं ते गोल ॲट! मग वन टू थ्री!"

पगार झाले. दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळच्या गाडीत चढले तर कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय अण्णा, आज बी म्हैसच हाय, का बदलला?"

तन्वी मॅडमना कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "अण्णा, आत्ताच्या आत्ता बदला." अण्णांनी इमानदारीत बदलला. आणि दुपारी डबा खाताना सगळ्या विभागाला सांगून टाकलं, "आता रेडकू ठेवलोय."

*

आमच्या इमारतीत एसी एकाच खोलीत आहे. त्या खोलीत माणूस बसत नाही, सर्व्हर बसतो. उन्हाळ्यात सगळ्या महत्त्वाच्या मीटिंगा तिथंच होतात. सर्व्हरसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून पाणीपुरवठ्यावर चर्चा! एकदा एक मोठे अधिकारी तिथं बॅकअप बघायला म्हणून गेले आणि तासभर आले नाहीत. घोरण्याचा आवाज मशीनचाच असणार असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं.

थंडीत मात्र तिकडं कुणी फिरकत नाही. फिरकायच्या त्या फक्त शेवंतामावशी, आमच्या विभागाच्या शिपाई. एक दिवस तन्वी मॅडम तपासणीला आत गेल्या आणि किंचाळतच बाहेर आल्या. सर्व्हरच्या डोक्यावर, गरम हवा येते तिथं, फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा!

"मावशी, हे काय आहे?"

"इरजान लावलंय. थंडीत घरात दही लागतच न्हाय बगा. हितं झ्याक लागतंय."

"अहो, सगळ्या शहराचा डेटा आहे याच्यात! हे मशीन बंद पडलं तर काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"व्हय की," मावशी म्हणाल्या, "दही लागायचं न्हाय."

तन्वी मॅडमनी डबा तिथून उचलायला लावला. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दही दोनदा वाढून घेतलं, हेही सांगायला हवं.

*

घरफाळा, म्हणजे घरपट्टी, ऑनलाइन झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. रांगा संपल्या. कसलं काय! एक आजोबा काठी टेकत रांगेत उभे होते. तन्वी मॅडम प्रेमानं जवळ गेल्या.

"आजोबा, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? मोबाईलवरून घरबसल्या भरता येतो आता."

"व्हय? भरतो की. आणि आमच्या दारातली गटार तुंबलीया त्येच्यावर बोंबलायचं कुणाम्होरं? मोबाईलम्होरं?"

आजोबांनी मग खिडकीपाशी येऊन आधी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग पैसे भरले. पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि जाताना "येतो हं, पावणं" म्हणून गेले.

*

आता माझं पाप.

नव्या पद्धतीत सुरुवातीचा ताळेबंद करायचा असतो. म्हणजे ऑफिसच्या मालकीचं जे जे काही आहे ते सगळं लिहून काढायचं, इमारतींपासून खुर्च्यांपर्यंत. आणि ज्याची मूळ किंमत सापडत नाही त्याची किंमत धरायची एक रुपया.

"बंद कारंजं एक रुपया?" अण्णा म्हणाले. "आणि ही म्हाराजांच्या आमदानीतली दगडी विहीर बी एक रुपया? मलाच द्या की वो! रोख देतो!"

जुनी रजिस्टरं काढली. पानं वाळक्या भाकरीसारखी तुटत होती. अण्णा वाचायचे आणि मी टाइप करायची. मुतारी, तीन. पाण्याची टाकी, एक. रोड रोलर, एक. आणि अचानक अण्णा थांबले. "घोडा, एक, तांबडा. आरोग्य निरीक्षकांच्या फिरतीसाठी."

"खपल्याची नोंद असेल बघा पुढं," मी म्हणाले.

पुढं नोंद नव्हती. घोडा कधीच खपला नव्हता, निदान कागदावर तरी. मी लिहिलं: घोडा, एक, किंमत एक रुपया.

आता प्रत्येक वस्तूपुढं एक रकाना होता, "ताबा कोणाकडे?" आणि त्याला लाल फुली. भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मुतारीचा ताबा कोण कबूल करणार? तारीख डोक्यावर आलेली. ज्यांचा कुणी वाली नाही अशा सगळ्या वस्तूंपुढं मी ठोकून दिलं: दिनकरअण्णा. नंतर बदलू म्हटलं. आपल्याकडं "नंतर बदलू" म्हटलं की संपलंच.

*

अण्णांच्या रिटायरमेंटला दहा दिवस राहिले. पेन्शनची फाईल पुढं जायला नो ड्यूज लागतं, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, आणि तोही आता सिस्टीमच देते. मी बटण दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: "आपल्या ताब्यातील मालमत्ता प्रथम हस्तांतरित करा." खाली यादी. मुताऱ्या, टाकी, विहीर, कारंजं, रोड रोलर... पानं संपेनात!

मी स्क्रीन अण्णांकडं वळवली. अण्णांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, सगळी यादी वाचली आणि एवढंच म्हणाले, "एवढी इस्टेट हाय माजी, आणि मी एसटीनं फिरतोय."

ज्या माणसानं मला रोजकीर्द लिहायला शिकवलं, त्याचीच पेन्शन मी रोखून धरली होती.

मग मी यादी घेऊन एकेका विभागाच्या पाया पडले. बागेनं कारंजं घेतलं. पाणीपुरवठ्यानं टाकी आणि विहीर घेतली. मुताऱ्यांसाठी स्वच्छतावाल्यांना दोनदा वडा खायला घातला. आठ दिवसांत सगळं उतरलं. राहिला घोडा.

आरोग्यवाले म्हणाले, "आमच्या निरीक्षकाकडं स्कूटर हाय." वाहन विभाग म्हणाला, "पासिंग नंबर सांगा, मग घेतो." बागवाले म्हणाले, "लॉन खाईल की ओ!"

पुण्याला परत गेलेल्या तन्वी मॅडमना फोन लावला. बिचाऱ्या मनापासून हळहळल्या. "ताई, नोंद खोडता येत नाही. खोडायची तर विनंती करावी लागेल आणि ती पुढच्या आर्थिक वर्षात मंजूर होईल. हस्तांतर मात्र आजही होतं. फक्त वस्तूचा फोटो हवा. ताबा असलेल्या माणसासोबत, आपल्या आवारात काढलेला."

मी डोळे पुसत अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजे फकस्त फोटो? मग रडताय कशाला, कांबळेबाई?"

*

शेवटचा दिवस. आवारात मांडव घातलेला, टेबलावर शाल, नारळ, पेढे. पाच वाजले तरी ज्याचा निरोप समारंभ तो माणूस गायब! साहेब घड्याळ बघत होते आणि मी गेटकडं.

एवढ्यात गेटबाहेर हलगी कडाडली. पाठोपाठ अण्णा आत आले. घोड्यावर बसून! झूल घातलेला, कपाळावर गोंडे, पायात घुंगरं, पांढराशुभ्र घोडा. मालक लगाम धरून पुढं, आणि आमची सगळी स्वच्छतेची पोरं मागून शिट्ट्या मारत. शेवंतामावशींनी पळत जाऊन भाकरतुकडा ओवाळून टाकला.

साहेबांच्या हातात जुन्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. त्यांनी ती वाचली, घोड्याकडं बघितलं, पुन्हा वाचली.

"अण्णा, यात तांबडा लिहिलाय. हा तर पांढरा!"

अण्णांनी घोड्यावरूनच स्वतःच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"साहेब, मी नोकरीला लागलो तवा माजं केस बी काळंच हुतं की."

साहेबांनी झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्वतःचा मोबाईल काढून फोटो घेतला. मी तो तिथंच अपलोड केला. सिस्टीमनं घेतला! आणि पुढचा रकाना उघडला, लाल फुलीसकट: "ताबा स्वीकारणार कोण?"

सगळ्यांना एकदम पेढ्यांची आठवण झाली. मी माझं नाव टाइप केलं.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. अण्णा खाली उतरले. नो ड्यूज ओळ न् ओळ वाचलं, चार घड्या घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर दोनदा हात दाबला. मग मालकाच्या हातातला लगाम घेऊन माझ्या हातात दिला.

"घ्या कांबळेबाई. चार्ज."

माझे डोळे भरून आले होते. लगाम घट्ट धरून मी तशीच उभी राहिले. मागून घोड्याचा मालक ओरडला, "ओ मॅडम, सोडा की आता! सातला वरात हाय!"